रुमालाखालचे आठ दिवस

माझ्या इंग्रजीच्या क्लासला एक नाना यायचे. वय सत्तर, सगळं आयुष्य मार्केट यार्डात मिरचीच्या व्यापारात गेलेलं. लंडनची नात सुट्टीला येणार होती आणि फोनवर ती काय बोलते ते निम्मं कळायचं नाही, म्हणून नाना इंग्रजी वाक्प्रचार शिकायला बसले होते.

एकदा मी सांगितलं, "पुट युअर कार्ड्स ऑन द टेबल. म्हणजे मनातलं सगळं उघड सांगून टाकायचं."

नानांचं पेन थांबलं. "मॅडम, असा माणूस यार्डात आठवडाभर टिकणार नाही. पूर्वी आम्ही भावसुद्धा रुमालाखाली बोटं दाबून सांगायचो."

"अहो, नातीशी बोलायचंय ना? मग लिहा."

नात आली आणि तिला बघताच नाना पाठ केलेलं सगळं विसरले. तीही सोफ्याच्या टोकाला बसून मोबाईल बघत राहिली. शेवटी नानांनी तिचा हात हातात घेतला आणि खिशातला रुमाल काढून दोन्ही हातांवर टाकला.

"वन फिंगर, वन डे. हाऊ मेनी डेज यू स्टे?"

तिने रुमालाखाली त्यांची पाच बोटं दाबली. नानांनी दोनदा पाच दाबली. ती हसली, सहावर आली. आठवर ठरलं, आणि तिने पळत जाऊन आईला तिकीट बदलायला लावलं.

दुसऱ्या दिवशी नाना क्लासला हजर, आणि हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "आता वाक्प्रचार कशाला हवेत?"

नानांनी वही उघडली. "दिवस ठरले हो रुमालाखाली. आता आठ दिवस सगळं उघड बोलायचंय. शिकवा."