कुलूप उघडणाऱ्या बकऱ्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष मिस्ये देझिरे पेरीन, मंचावर विराजमान झालेले आमचे पाद्री पेर आन्सेल्म, पोर्ट मथुरिनहून एवढी चढण चढून आलेले वनखात्याचे नवे साहेब, सत्कारमूर्ती तोंतों एव्हेनोर मिलाझार, ऑक्टोपस धरणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, आणि निव्वळ जेवणासाठी आलेल्या मागच्या रांगेतल्या बंधूंनो!

अध्यक्षांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. ही तुमची मावशी, तांतीन लुदिवीन, आजवर दोन शब्दांत कधी थांबली आहे का, हे त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला विचारायला हवं होतं. आता उशीर झाला.

एव्हेनोर यांनी आयुष्यभर बुआ-दिमांशच्या शेवटच्या झाडाची राखण केली. साऱ्या जगात ते झाड फक्त आपल्या रॉड्रिग्ज बेटावर होतं, आणि बेटावर फक्त माझ्या परसामागे. आता ते कुठेच नाही. पण मला सांगा, त्याला आधी विचारत तरी कोण होतं? आम्ही त्याच्यावर ओले कपडे वाळत घालायचो. मग परदेशातून कुणी विद्वान आले, झाडापुढे मटकन बसले, ढसाढसा रडले आणि सरकारने त्याला कुंपण घातलं.

इथेच घात झाला. आपण पडलो हिशेबी माणसं. सरकार फुकट कुंपण घालतं का? शाळेला घातलं नाही, विहिरीला घातलं नाही, मग या झुडपालाच का? हमखास औषधी असणार! पहिल्या कुंपणानंतर त्याच्या पाल्याच्या काढ्याने रमची नशा उतरायला लागली. उंच कुंपण आलं, तसा तापही उतरायला लागला. आणि कुलूप लागलं त्या दिवसापासून तर काय, कंबरदुखीपासून जावयाच्या रागापर्यंत सगळ्यावर एकच उपाय!

माझा बकऱ्यांचा गोठा त्या वाटेवरच आहे. कोण आलं, कोण गेलं, मला सगळं दिसतं. मी नावं घेणार नाही. सेसिल, खाली बस. कुठे निघालीस? तुझं नाव घेतलं का मी?

दिसायचं तसं एव्हेनोरलाही. एकदा मी त्याला कुंपणापाशी गाठून झापलं, "अरे बाबा, डोळे आहेत की बटणं? पकड ना एखाद्याला!"

तो म्हणाला, "कुणाला पकडू, लुदिवीन? तापलेलं लेकरू कडेवर घेऊन येते ती. तिला काय सांगू? झाड एकच उरलंय आणि तुला पोरं सहा आहेत?"

मी भांडण अर्धवट सोडून गोठ्याकडे वळले. असं कधी होत नाही हो माझं.

झाड वाळलं. तेव्हाचे साहेब चौकशीला आले. पानं कुणी खाल्ली? एव्हेनोर म्हणाला, "बकऱ्यांनी." साहेब म्हणाले, "कुलूप उघडून?" हा म्हणतो, "साहेब, आमच्याकडच्या बकऱ्या शिकलेल्या आहेत."

ठपका कुणावर आला? याच्यावर. आणि आपण काय केलं? काढा पिऊन ठणठणीत झालेल्या आपण सगळ्यांनी त्याला 'तोंतों काब्री' नाव ठेवलं, बकरीकाका! दुकानात बेंऽऽ, चर्चच्या पायरीवर बेंऽऽ. आणि झाड मेल्यावर तरी थांबलो? कुंपणातली मातीसुद्धा टोपल्या भरभरून नेली!

आता हा मुलीकडे मॉरिशसला कायमचा निघालाय. सगळ्यांना सांगतो, गुडघे दुखतात. काल मी विचारलं, "तिथे जाऊन काय गुडघे सेगा नाचणार आहेत?" तर हळूच म्हणाला, "लुदिवीन, तिथे कुणी बेंऽऽ करत नाही." आणि आपण त्याला भेट काय आणली? सुटकेस! वा रे वा, अक्कल!

म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने, आणि नसेल तर तिच्यावाचून, माझी एक विनंती आहे. या सभागृहात जितक्या बकऱ्या बसल्या असतील, त्यांनी हात वर करावा.

कुणीच नाही? बरं. मला घाई नाही, ऑक्टोपस धरायची ओहोटी पहाटे आहे.

अगं बाई! पेर आन्सेल्म, तुम्ही? म्हणजे पहिली बकरी मंचावरच निघाली! अध्यक्ष, एकच हात पुरे, दोन नकोत. शाब्बास, सेसिल. मागची रांग... खिडकीबाहेरचेसुद्धा! आणि साहेब, तुम्ही का? तुम्ही तर पाहुणे. हां, हां, सासुरवाडी इथली. विसरलेच होते.

एव्हेनोर, मान वर कर. बघ तरी. काय म्हणतोस? मोठ्याने बोल. तो विचारतोय, "एवढ्या बकऱ्यांना एक झाड इतकी वर्षं पुरलं कसं?"

हसा, हसा. आज त्याच्याबरोबर हसताय, म्हणून हसा. एव्हेनोर, ती सुटकेस घे किंवा इथेच टाक, तुझी मर्जी. पण जाणार असलास तर खरोखरच गुडघ्यांसाठी जा. आमच्यापायी जाऊ नकोस रे.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आत मका ढवळत थांबलेल्या बायकांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि उद्या सकाळी आपापल्या दारातल्या बकऱ्यांचीही माफी मागा. त्यांनी त्या झाडाला कधी तोंडसुद्धा लावलं नाही. पाला फार कडू होता म्हणे. होता का हो?