दोन व्याही, एक दाढी

थांबा, थांबा दादा, मशीन लावायच्या आधी एकदा नीट बघून घ्या — आहे की नाही झकास? दाट, मधे कुठे फट नाही, हनुवटीखाली जरा पांढरी, पण शोभते. आणि ही उतरवायची. का? अहो, व्याह्यांपायी!

सांगतो. मला दाढी ठेव असं कोणी सांगितलं नव्हतं. तापानं पडलो, उठलो तर होती. म्हटलं, राहू दे. तर सगळे अंगावरच आले — ऑफिसात साहेब हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" बहीण म्हणते, "दादा, हरवलेल्या माणसाच्या फोटोसारखा दिसतोस." शेजारचे काका रोज जिन्यात अडवून ब्लेडची आठवण करतात — स्वतःच्या कानांत झुडपं माजलीत, ती दिसत नाहीत! अहो, गाल माझा, खाज माझी, तुमचं काय जातं? एक आमची ही तेवढी गप्प. उलट जाता-येता बघायची माझ्याकडे. इतक्या वर्षांत कधी — जाऊ दे. लावा मशीन. डावीकडून घ्या.

तर मुलाचं लग्न ठरलं, मुलीकडच्यांना जेवायला बोलावलं. दार उघडतो तर समोर मीच! तसाच चष्मा, तशीच ढेरी, तश्शीच दाढी. सगळे हसले, मीही हसलो. पण जेवणं झाल्यावर व्याही गॅलरीत उभे, पाठमोरे — हिनं जाऊन त्यांचा दंड धरला, "अहो, पित्ताची गोळी घ्या," म्हणून हातावर ठेवली. आणि त्या भल्या माणसानं गिळली! मग ही तिथेच बोलत राहिली — पोराचं, घराचं, स्वतःच्या गुडघ्याचं. अंधार होता म्हणा. पण आवाज? आवाजाचा प्रश्नच आला नाही, ते नुसती मान हलवत होते. शेवटी ही म्हणते, "आज किती शांतपणे ऐकून घेतलंत हो माझं!" — आणि मी मागे, हातात पाण्याचा ग्लास घेऊन.

हसू नका, मशीन हलतंय.

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, दोघांपैकी एकानं काढा, मांडवात लोक गोंधळतील. व्याही म्हणाले, मी कॉलेजपासून ठेवलीय. मी म्हटलं, माझी काय भाड्याची आहे? इतके ताणून बसलो की होणारी सून वैतागून म्हणाली, "मग लग्न तुम्ही दोघंच करा!" तेव्हा म्हटलं, आपणच नमतं घ्यावं. लोकांसाठी नाही हं. हिनं पुन्हा भलत्याचा दंड धरू नये, एवढंच. — हे कुठे बोलू नका.

थांबा, हिचाच फोन. हं, बोल... काय? व्याह्यांनी उतरवली? आत्ता? अगं पण — "हात लावू नका, दाढीत तुम्ही रुबाबदार दिसता"? खरंच? बरं, मला सांग, हे तू गॅलरीतल्या दाढीबद्दल म्हणतेयस की... हॅलो? हॅलो?

ठेवला. ऐकलंत ना दादा? रुबाबदार! बंद करा मशीन, काढा ती चादर, आरसा द्या इकडे.

...

डावा गाल पूर्ण झालाय वाटतं.

नाही, काही बोलू नका. उजवा घ्या.