मासे वगळून

सकाळी पावणेनऊला विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली, कॉफीच्या रांगेत कोरीन उभी होती. बाहेर ओहायोचा बर्फ पडत होता. तिच्यापुढे एक मुलगा आणि त्याची मैत्रीण पाठमोरे बोलत होते.

"टोबिन, तुझ्या मायक्रोवेव्हच्या ठरावाचं काय झालं रे?"

"विद्यार्थी मंडळाच्या समितीत अडकलाय. घरून डबा आणणाऱ्यांसाठी ग्रंथालयात एक मायक्रोवेव्ह ठेवा, एवढंच लिहिलं होतं मी."

"मग अडलं कुठे?"

"एक म्हणाला, माशांचा वास सुटेल. म्हणून दुरुस्ती आली, 'मासे वगळून'. मग एकीने विचारलं, कोळंबी माशांत धरायची का?"

"धरायची?"

"त्यासाठी उपसमिती नेमली."

"कठीण आहे. आणि मतदान?"

"गेल्या आठवड्यातच होतं. नेमकी हात वर करायच्या वेळी समितीची पाचवी सदस्य उठून गेली. पाच जण नसले की मतदान नाही."

"बरं नसेल तिला."

"कंटाळली होती गं. जांभई पाहिली मी."

कोरीनने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला.

"आज आहे ना बैठक?"

"नऊला. सत्रातली शेवटची. आज राहिलं तर ठराव बाद, आणि मी पुन्हा गार नूडल्स चावतोय."

"येईल रे ती."

"ती? कुठेतरी कॉफीच्या रांगेत उभी असेल."

कोरीन रांगेतून बाहेर पडली आणि जिना चढून वर गेली. समितीच्या खोलीत चौघे कोळंबीवर बोलत होते. पाचव्या खुर्चीच्या पाठीवर तिने आपला कोट टांगला आणि ती बसली.