शिडी दिसली नाही त्या आठवड्यात

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक सर, वरिष्ठ डॉक्टर मंडळी, सहकारी, आणि आज निवृत्त होणाऱ्या, सत्कारमूर्ती असूनही व्यासपीठावर खुर्ची न मिळालेल्या आमच्या मावशी,

मला तीन मिनिटं दिली आहेत. "गोड बोल," असंही बजावलं आहे. मोजून बोलणं माझ्या कामातच आहे. गोडाचं बघते.

मी या रुग्णालयाच्या टेस्ट-ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत भ्रूण वाढवते. बावीस वर्षं ती प्रयोगशाळा स्वच्छ ठेवली मावशींनी. पहिल्याच दिवशी मी हाताला सुगंधी क्रीम लावून गेले, तर मावशी दारात आडव्या. "धुऊन या, मॅडम. आतली बाळं चार पेशींची आहेत. त्यांना वास सोसत नाही." पदवी माझ्याकडे होती, म्हणणं त्यांचं बरोबर होतं.

मावशींची एक वही आहे. रोज सकाळी त्या जिन्याच्या खिडकीतून समोरची पाण्याची टाकी बघतात. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या दिसल्या तर हवा बरी. शिडी दिसली नाही तर वहीत फुली, शेजारी तापमान. मी आधी हसले. मग चार वर्षांच्या नोंदी आमच्या निकालांशेजारी मांडल्या. फुलीच्या आठवड्यांत तिसऱ्या दिवशीच वाढ थांबलेले भ्रूण जास्त होते. कडक उन्हाच्या आठवड्यांत वरच्या प्रसूतिकक्षात मुदतीआधी आलेली बाळंही जास्त होती.

संचालक सर, तो कागद मी तुम्हाला दिला. तुम्ही म्हणालात, "आकडे लहान आहेत." लहान आहेतच. म्हणून तर मी एवढंच मागितलं, की प्रयोगशाळेत हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराड्याजवळून हलवा. ते तिथे गेलंच कसं? नव्या स्वागतकक्षाची दर्शनी बाजू देखणी दिसावी म्हणून. उकाडा वाढला की वीज जाते, जनरेटर सुरू होतो, आणि आपण स्वतःचाच धूर गाळून आत घेतो. गाळणीने तरी किती सोसायचं?

गेल्या उन्हाळ्यात एक शिक्षिका आल्या. वय अडतीस, तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. इंजेक्शनं सुरू होण्याआधी मावशी मला म्हणाल्या, "आठवडाभर फुल्याच आहेत गं. बाईंचं महिनाभर पुढे ढकल की." तारीख ठरली होती. मी तयारीच्या कागदावर सही केली. पाच भ्रूण तयार झाले, आणि पाचही तिसऱ्या दिवशी थांबले.

माझ्यादेखत तुम्ही त्यांना म्हणालात, "वय झालं, ताई. त्याला आपण काय करणार?" आणि त्याच तुम्हाला म्हणाल्या, "माफ करा डॉक्टर, मीच उशीर केला."

धूरच कारण होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. वयच कारण होतं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आज सकाळी मावशींनी ती वही माझ्या हातात दिली. नवा उपचार सुरू करताना प्रयोगशाळा तयार असल्याच्या कागदावर माझी सही लागते. ते हवेचं तोंड हलेपर्यंत फुलीच्या आठवड्यात ती सही मिळणार नाही.

मावशी, तुमचे हे सगळे गुच्छ मी आतल्या दारापासून लांब ठेवले आहेत. तुम्ही ओरडला असतात.

आयोजकांची आणि आपणा सर्वांची मी आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. त्या शिक्षिकांची माफी मात्र मी इथे मागत नाही. त्यासाठी उद्या सकाळी मी त्यांना फोन करणार आहे.