हॉलमधला तंबू

मुलगी : आणि सोफा कुठे गेला, बाबा?

बाबा : गॅलरीत. हळू बोल, आई तंबूत झोपलीय.

मुलगी : जमिनीवर? शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा वाटलं, त्या तिखटमीठ लावून सांगतायत.

बाबा : पलंगावर झोपवलं की उठून दार ठोकते. ‘मला घरी जायचंय.’ अगं हेच आपलं घर, हे सांगून घसा बसला माझा. एकदा तर ‘सोडा हो मला’ म्हणून माझ्या पाया पडली.

मुलगी : तंबूत नाही म्हणत?

बाबा : नाही. तंबू म्हणजे घर नव्हे, एवढं तिला अजून कळतं. विचारलंच तर म्हणतो, उद्या सकाळी निघू. मग शांत झोपते.

मुलगी : सुट्टीत तंबू घेऊन रानात निघायचं म्हटलं की मी नाचायचे लहानपणी. कॉलेजात गेल्यावर तोंड वाकडं करायचे.

बाबा : मी काय वेगळा होतो? पाठ धरायची. हौस तिचीच. आता तिथेच ती मला ओळखते गं. बाहेर आली की मी कोणीतरी परका.

मुलगी : परवा त्याच तंबूतून निघताना पडलात. काकू आल्या नसत्या तर? उद्या आईला न्यायला गाडी येतेय, बाबा, अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेची. मी सगळं ठरवून आलेय.

बाबा : नको ना. हात जोडतो तुला.

मुलगी : असं नका करू. मला भीती वाटते. तिला सांभाळता सांभाळता तुम्हीही जाल.

बाबा : मग तंबू तरी ने तिच्याबरोबर.

मुलगी : विचारलं मी. नाही म्हणाले.

आई (तंबूतून) : कोण आलंय हो?

बाबा : आपली लेक.

आई : काहीतरीच. ती केवढीशी आहे. बाई, थंडीत उभ्या राहू नका, आत या. चपला तेवढ्या बाहेर काढा.

मुलगी : काढल्या. उलट्या करून ठेवल्यात, किडा-मुंगी शिरायला नको.

आई : शहाण्या आहात. आमच्या मुलीला मी हेच शिकवलंय. या, इथे टेका. अहो, उद्या सकाळी निघायचंय ना आपल्याला?

बाबा : ह्यांना विचार. गाडीचं ह्यांनीच बघितलंय.