सतरा नंबर, नेहमीप्रमाणे गायब

...बरं, जिवंत मास्तरानं गैरहजेरी मांडली तर माणूस जाऊन भांडतो तरी, हातापाया पडतो, आजारपणाची चिठ्ठी आणतो... पण वर्षापूर्वी वारलेल्या माणसानं रोज सकाळी दहाला भर वर्गात मला गायब ठरवायचं, आणि मी तिथे तिसऱ्या बाकावर वही उघडून बसलेलो, तर दाद मागायची कुणाकडे, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, आमचे न्यूरोफिजिऑलॉजीचे सर गेले. त्यांची जागा काही भरेना. एक जण रुजू झाला तो जेवणाच्या सुट्टीआधीच राजीनामा देऊन निघून गेला. मग ऑफिसात कुणाला तरी आठवलं की पंधरा वर्षांपूर्वी सरांची सगळी लेक्चरं हौसेनं रेकॉर्ड करून ठेवलीत, नुसता आवाज, तीच लावा की! लावली. खोकल्यासकट, खडूच्या खरखरीसकट... आणि हजेरीसकट.

पहिल्याच दिवशी आम्ही सगळे हसत होतो. "पंधरा? ...सोळा? ..." पंधरा वर्षांपूर्वीची पोरं स्पीकरमधून "हजर सर, हजर सर" करतायत, आम्ही आपले माना हलवतोय, मजा चाललीय. मग सर म्हणाले, "सतरा?"

आणि शांतता. चांगली चार-पाच सेकंदं. मग एक उसासा. "सतरा नंबर, नेहमीप्रमाणे गायब."

माझा रोल नंबर सतरा.

आता हसण्यावारी न्यायला काय हरकत होती? पण एक म्हणजे, त्या विषयात मी दोनदा नापास. ही तिसरी खेप, आणि तिसऱ्यांदा गेलो तर कॉलेज हातात दाखला देऊन घरी बसवतं, असा नियम. आणि दुसरं म्हणजे... त्या चार-पाच सेकंदांत, सर थांबले होते ना, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "हजर."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. मागचे तीन बाक रिकामे. त्यांच्यामागे भिंत, भिंतीत यंत्राच्या खोलीची एवढीशी खिडकी, आणि मशीन लावणारे लॅबचे मामा तर बटण दाबलं की चहाला जातात, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक. माझा पार्टनर, त्याला आम्ही चष्मा म्हणतो, तो माझ्या कानाशी येऊन, "अरे, तुझ्या बदल्यात कुणीतरी हजेरी लावतंय. नशीबवान आहेस!" नशीबवान! माझ्या अंगावर काटा उभा राहिलेला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. "सतरा?" ...मागून "हजर"... "नेहमीप्रमाणे गायब." आणि सरांचं तेवढ्यावर भागत नसे हो! मधेच म्हणायचे, "हा प्रश्न सतरा नंबरला विचारला असता. गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय उडाला, मेंदूला कळलं कधी? पण ते असतील तर ना!" मग पुन्हा ती शांतता. मी सांगतो, त्या शांततेत बसून दाखवा तुम्ही. आठवडाभरात मी घाबरून अभ्यास करून यायला लागलो, कारण न जाणो, मेलेला माणूस, त्याचा काय भरवसा! पंधरवड्यात मी उभा राहून उत्तर द्यायला लागलो. "पाय उडून झाल्यावर, सर. निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो, तिथूनच परत फिरतो. मेंदूला नंतर कळतं." वर्ग हसायचा. स्पीकरही हसायचा, पण तो पंधरा वर्षांपूर्वीचा वर्ग. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणते, "मेंदूच ना रे? तुझाच तर आहे, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय?"

आणि मग आलं अठरावं लेक्चर. परीक्षा दहा दिवसांवर. हजेरी सुरू. मी सवयीनं उभा. "पंधरा? सोळा?" ...आणि शांतता, पण ही वेगळी. लांब. कागद सरकल्याचा आवाज. मग सर म्हणाले, "अठरा?"

सतरा घेतलाच नाही.

मागूनही काही आवाज नाही. त्या दिवशी सर इतक्या खालच्या आवाजात शिकवत होते की स्पीकर वाढवावा लागला. महिनाभर मला गायब म्हणतायत म्हणून चिडणारा मी, तुम्हाला खोटं वाटेल, मला रडू आलं. मला वाटलं, संपलं. आपलं नाव कटलं.

लेक्चर सुटल्यावर सरळ यंत्राच्या खोलीत शिरलो. मामा स्टुलावर बसलेले. चहाला वगैरे काही जात नसत ते.

"मामा, सतरा नंबरचं काय झालं?"

मामांनी वायर गुंडाळली. सोडली. पुन्हा गुंडाळली. "सतरा मीच," म्हणाले.

म्हणजे बघा, विद्यार्थी असताना हा माणूस रोज वर्गाच्या दाराबाहेर उभा राहायचा! आत गेलं की सर प्रश्न विचारतात, या भीतीनं बाहेरून ऐकायचा. "रोज माझा नंबर ऐकू यायचा," मामा म्हणाले, "हजर म्हणायचं तोंडापर्यंत यायचं आणि राहायचं. एक दिवस जिन्यापाशी आलो आणि पाय वळले ते थेट घरी. परत आलोच नाही, नाव कटलं. पाय आधी गेले रे, मला नंतर कळलं." चार वर्षांनी लायब्ररीचं पुस्तक परत द्यायला आले, तर सर दारात भेटले. काही विचारलं नाही. "लॅबमध्ये माणूस हवाय, उद्यापासून हजर राहा," एवढंच. दहा वर्षं एका खोलीत काम केलं दोघांनी, पण ती गोष्ट कधी निघाली नाही. "सांगायचं राहिलं. दाराबाहेर होतो, एवढं सांगायचं राहिलं. आता रोज सांगतो. ते काही ऐकत नाहीत."

मी त्यांची वायर गुंडाळून दिली.

तर परीक्षेचा दिवस. तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई आत, आम्ही बाकावर. सोळा नंबर रडत बाहेर आली. आणि तुम्हाला सांगतो, मला काही म्हणजे काही आठवेना. सोडियम आत जातं की बाहेर, आठवेना. माझा नंबर काय, आठवेना! मी पिशवी उचलली आणि निघालो. ठरवून नाही हो, पायच निघाले. जिना अर्धा उतरलोसुद्धा.

आणि वरून आवाज आला. "सतरा?"

मामा दारात उभे. तोच सूर, तीच ओढ. ते थांबले. चार सेकंदं, पाच सेकंदं. मी कठड्याला धरून उभा. मग मामा म्हणाले, "...नेहमीप्रमाणे—"

"हजर!"

माझ्याच तोंडातून. मी म्हटलं नाही, निघून गेलं. आणि मागोमाग पाय जिना चढायलाही लागले. बाईंनी हातोडी पुढे केली, "पाय उडाला, मेंदूला कळलं कधी?" मी म्हटलं, "आत्ताच अनुभव घेऊन आलोय, बाई."

पास. काठावर, पण पास.

आता मी वरच्या वर्गात. रोल नंबर एकतीस, मजला वेगळा, विषय वेगळा. पण दहाच्या सुमारास त्या बोळातून जावंच लागतं, आणि आतून सर विचारतात, "सतरा?" यंत्राच्या खोलीतून हळूच "हजर", आणि बोळातून... मी ओठ दातांखाली धरून बघितले, रुमाल कोंबून बघितला... "हजर" निघून जातंच. परवा यंदाची सतरा नंबरची मुलगी पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. "दादा, सगळे म्हणाले होते एकच आहे. आता दोन झालेत."

काय सांगणार तिला! दोघं दोन बाजूंनी घसा फोडून हजर आहोत म्हणून सांगतोय, तरी सरांचं आपलं तेच... नेहमीप्रमाणे गायब.