अडकलेला रिपोर्ट

लॅबच्या बाकावर काकू नवऱ्याच्या रिपोर्टची वाट बघत होत्या. काउंटरमागे रिसेप्शनवरची मुलगी आणि प्रिंटरवाला बोलत होते.

"राउटर बदललाय ना? मग प्रिंटरला नवा पासवर्ड द्या."

"दिला की दोनदा! वायफाय घेतच नाही मेला."

"पहिलं अक्षर कॅपिटल हवं. सरका."

"लवकर करा हो, काकू तासभर ताटकळल्यात."

"मला घाई नाही गं," काकू पुटपुटल्या. "होऊ दे सावकाश."

"हं, लागला. अडकलेले कागद येतील आता."

प्रिंटर घरघरला. मुलीने पहिला कागद उचलला, वाचला आणि पालथा ठेवला.

"काय झालं? पुसट आलाय का?"

"नाही. स्पष्ट आलाय."

ती काउंटरबाहेर आली आणि काकूंशेजारी बसली.

"काकू, सोबत कोणी आलंय का तुमच्या?"